सराव पाठ (इतिहास / नागरिकशास्त्र / भूगोल) : तयारी नक्की कशाची करायची?

खडूची धूळ

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी छात्राध्यापिका. पदवीला इतिहास होता म्हणून अध्यापन पद्धतीला सामाजिक शास्त्रं घेतली. इतिहासाच्या पाठोपाठ नागरिकशास्त्र आणि भूगोलही पदरात पडले. भूगोलाशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला होता.

सूक्ष्म अध्यापनात गाडी मस्त चालली. पाच-सात मिनिटं, एका वेळी एकच कौशल्य, समोर आपलेच मित्रमैत्रिणी. प्रश्न विचारला की सगळे शहाण्यासारखे हात वर करतात, कारण त्यांच्या पाठाला आपणही तेच करणार असतो. मग खरा वर्ग मिळाला. ४३ मुलं, ३५ मिनिटं, पाठ फ्रेंच राज्यक्रांती.

टाचण (पाठाचा लेखी आराखडा) अकरा पानी. उद्दिष्टं, हेतुकथन, फलकलेखन, स्वाध्याय, एकही रकाना रिकामा नाही. घरी आल्यावर तेच टाचण पुन्हा वाचलं आणि 'विद्यार्थी कृती' या रकान्यापाशी थबकले. पहिल्या पानावर 'विद्यार्थी ऐकतात'. चौथ्या पानावर 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात'. सातव्यावर, बहुधा मलाच कंटाळा आला म्हणून, 'विद्यार्थी कुतूहलाने ऐकतात'.

वर्गात मी २२ मिनिटं न थांबता बोलले आणि टाचण संपलं. उरलेली १३ मिनिटं कशी काढली ते विचारू नका. पण खरी फजिती वेगळीच आहे. वर्ग खुलावा म्हणून मी एक गंमत पेरली होती. १४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग ताब्यात घेतला, आणि सोळाव्या लुई राजाने त्या दिवशी आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला : 'काही नाही'. मी म्हटलं, "बघा, राज्य हातातून चाललंय आणि राजाला पत्ताच नाही!" वर्ग हसला, मीही खूश.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो रोज त्या वहीत काय लिहायचा?"

मी म्हटलं, "ते आपण नंतर बघू." आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

निरीक्षणाला आलेल्या सरांनी माझ्या वहीत शेरा लिहिला, 'मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न पुन्हा वाचा.' बाकी काही नाही. रात्री शोधाशोध केली. ती वही मुख्यतः शिकारीच्या नोंदींची होती. आज काय मारलं, किती मारलं. त्या दिवशीचं 'काही नाही' म्हणजे शिकार नाही! राजा बेफिकीर होता की नव्हता हा प्रश्न वेगळा, पण त्याचा पुरावा त्या शब्दात नाही. मी ४३ मुलांना एका कागदाचा चुकीचा अर्थ सांगून आले होते, तोही हशा मिळवून.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मी रात्र रात्र जागून तयारी करते ती नेमकी कशाची? माझ्या बोलण्याची? तीन विषयांचा मजकूर तर कितीही वाचला तरी उरतोच. तुम्ही कसं करता?

फळा पुसणारा

'कुतूहलाने ऐकतात' :)) ताई, हा रकाना आम्ही सगळ्यांनी असाच भरलाय. माझ्या एका टाचणात 'विद्यार्थी विचार करतात' असं होतं. कशावरून करतात, कोण जाणे.

बारा वर्षं शिकवतोय. कामी आलेली एकच सवय सांगतो. टाचण उजव्या बाजूने भरायला लागा. आधी मुलं काय करणार ते लिहायचं, आणि क्रियापद डोळ्यांना दिसेल असं हवं : मोजतील, लावतील, खोडतील, भांडतील. मग डावीकडे, त्यासाठी मला काय करावं लागेल ते. असं केलं की आपलं निम्मं भाषण आपोआप गळतं. फार वाईट वाटतं, कारण जे गळतं ते आपण रात्री दोन वाजता वाचलेलं असतं.

उदाहरण तुमच्याच पाठाचं घ्या. तीन वर्गांची (धर्मगुरू, उमराव आणि बाकीची सामान्य जनता) समाजरचना तुम्ही त्रिकोण काढून सांगितली असणार. (सगळेच काढतात.) त्याऐवजी वर्गालाच फ्रान्स करा. धर्मगुरू आणि उमराव मिळून लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के. ४३ चे दोन टक्के किती? एक अख्खं मूलही होत नाही. तरी एकाला खुर्चीवर उभं करा, दोन्ही वर्गांच्या वतीने. आता मे १७८९ ची, तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरवा, प्रत्येक वर्गाला एक मत. खुर्चीवरच्याची दोन, खाली बसलेल्या ४२ जणांचं मिळून एक. दोन मिनिटांत जो आरडाओरडा होईल तेच तुमचं 'कारणे द्या'.

गुणपत्रक

आरडाओरडा झाला, छान. पाठ्यक्रम कोण संपवणार?

मी इथे खलनायक व्हायला तयार आहे. नव्या शिक्षकांना हल्ली एकच धडा मिळतो, 'बोलू नका, कृती घ्या'. पण धागाकर्त्या ताईंचा तास नीट बघा. त्या जास्त बोलल्या म्हणून तो फसला नाही. ती वही कसली हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून फसला. माहीत असतं तर त्याच मुलीच्या प्रश्नावर उरलेली १३ मिनिटं सोन्यासारखी गेली असती, तेही निव्वळ बोलून. कृतीने अज्ञान झाकता येतं, एवढंच. विषय आधी, पद्धत नंतर.

आणि परीक्षेत राजाची रोजनिशी येत नाही.

खडूची धूळ

@फळा पुसणारा, खुर्चीची कल्पना ढापतेय.

@गुणपत्रक, तुमचं म्हणणं लागलं. खरं आहे म्हणून जास्त लागलं. मी त्या प्रसंगावर किती वाचलं होतं ते आता मोजलं : एक परिच्छेद. मला तो 'किस्सा' म्हणून हवा होता, पुरावा म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

पेन्शनीतला मास्तर

उशिरा येतोय. आमचं टंकन बैलगाडीचं आहे.

गुणपत्रक यांच्याशी निम्मा सहमत. विषय हवाच. पण विषय जाणणारा माणूसही त्या मुलीला 'नंतर बघू' म्हणतो, हे मी तीस-बत्तीस वर्षं स्टाफरूममध्ये पाहिलंय. मीही म्हटलंय. त्याचं कारण अज्ञान नव्हे, घाई.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो. सरासरी सुमारे एक सेकंद! तेवढ्यात मूल प्रश्न नीट ऐकतसुद्धा नाही. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं तोंड उघडतात, मुलं आपणहून प्रश्नही विचारायला लागतात.

हे वाचून मी हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागलो. मुलांना वाटायचं, सरांना रुबाब आलाय. मी मागे बोटं मोजत असायचो. पहिल्या आठवड्यात ते तीन सेकंद इतके लांब वाटले की घाम फुटला. चौथ्या बोटाला एक मुलगा बोलला, जो वर्षभर हजेरीशिवाय बोलला नव्हता. काय बोलला ते चुकीचं होतं, पण ते असू द्या.

मुली, तुझ्या रोजनिशीचं एवढ्यात काही बिघडलेलं नाही. उलट तुला फुकट धडा मिळालाय. तोच शब्द वर्गाला दोनदा दे. आधी नुसता : तारीख, राजा, 'काही नाही'. काय वाटतं? सगळे म्हणतील राजा मूर्ख. तेवढं फळ्यावर लिही. मग सांग की वही शिकारीची आहे. आता? फळ्यावरचं त्यांचंच वाक्य त्यांनाच खोडू दे. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, कशासाठी, हे तीन प्रश्न व्याख्यानातून शिकवता येत नाहीत. स्वतःचं वाक्य स्वतः खोडावं लागतं.

तू ज्याची लाज बाळगतेस ते वर्गाला सांगूनही टाक. 'गेल्या वेळी मी चुकीचं सांगितलं.' मी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती.

नकाशावेडी

भूगोलाला कोणी वाली नाही वाटतं इथे! इतिहासवाले भूगोलाचा तास म्हणजे 'नकाशा लावला, काठी फिरवली' असा घेतात. (हलकेच घ्या. पण थोडंच.)

धूळ ताई, भूगोलात तुमची पाटी कोरी आहे ना, ती तुमची जमेची बाजू माना. मुलं कुठे अडतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. माझं रेखांशाचं स्पष्टीकरण वर्षानुवर्षं तेच : ३६० अंश, २४ तास, म्हणून १५ अंशांना एक तास, एका अंशाला चार मिनिटं. गणित सगळ्यांना येतं. पण पूर्वेला गेलं की वेळ पुढे का, हे विचारलं की निम्मा वर्ग ठोकून देतो. मला ते कळायला पाच वर्षं लागली, कारण मला स्वतःला ते कधी अडलंच नव्हतं.

गोल पृथ्वीवर जागा बदलली की सावली का बदलते, ते दाखवणारी एक कृती देते, बिनखर्चाची. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या. दोन सारख्या काड्या तिच्यावर उभ्या चिकटवा, एक या टोकाला, एक त्या. उन्हात न्या आणि पट्टी सपाट धरा. दोन्ही सावल्या सारख्या. आता पट्टी हळूच कमानीसारखी वाकवा. सावल्या वेगळ्या होतात, मुलांच्या डोळ्यांदेखत. मग एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगा, आधी नाही. इसवी सनापूर्वी तिसरं शतक, इजिप्त. दक्षिणेकडच्या सायीन गावी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर, खांबाला सावलीच नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन सुमारे ७.२ अंश. म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप) धरलं, गुणिले ५०. पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया. माणूस अख्खी पृथ्वी फिरला नाही, सावली मोजली आणि गुणाकार केला.

मी हा तास पहिल्यांदा घेतला त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पुठ्ठा हातात धरून आम्ही सगळे वर बघत उभे. तेव्हापासून पिशवीत विजेरी असते. पण ती लांब धरा, जवळ धरली की सपाट पट्टीवरच सावल्या वेगळ्या पडतात आणि सगळा खेळ उलटतो.

जाता जाता, तुमच्या रोजनिशीचा भूगोलातला भाऊ : मर्केटर या नकाशाकाराचा जगाचा नकाशा, १५६९ चा. त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका तीन कोटींच्या वर. चौदापट! मुलं लगेच म्हणतात, "नकाशा खोटा आहे." तो खोटा नाही, खलाशांसाठी आहे. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज नेता येतं. क्षेत्रफळ बघायला तो काढलाच नव्हता. शिकारीच्या वहीत राजकारण शोधण्यासारखंच हे.

जोडवर्ग

+१ नकाशावेडी. वाचनखूण साठवली.

मीही छात्राध्यापकच, शेवटच्या सत्रात. धूळ, तुझा धागा वाचून बरं वाटलं, म्हणजे आम्ही एकटे नाही. मी दुसऱ्या टोकाला पडलो होतो. टाचणात सगळी गटकार्यंच. सहा गट, सहा तक्ते, रंगीत खडू. प्रत्येक गटात एक मुलगी सगळं लिहीत होती आणि बाकीचे तिची पेन्सिल टोकून देत होते. निरीक्षकांनी लिहिलं, 'उत्तम सहभाग'!

नंतर जिगसॉ पद्धत वापरून बघितली, तेव्हा जरा जमलं. ती अमेरिकेत ऑस्टिनमध्ये १९७१ साली एलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी काढली. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी फटकून होती. त्यात प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच तुकडा असतो, दुसऱ्या कोणाकडे नसलेला. त्याने तो नीट सांगितला नाही तर गटाचं अडतं. पेन्सिल टोकणारा सुटत नाही. पण तुकडे पाडण्यातच माझी संध्याकाळ जाते, आणि एक मूल गैरहजर असलं की तुकडाही गैरहजर. त्याची एक जादा प्रत जवळ ठेवावी लागते.

फळा पुसणारा

खुर्चीवाल्या नाटकाची एक तळटीप राहिली. ते सगळीकडे चालत नाही. गुलामगिरी, वंशसंहार, फाळण्या, अशा विषयांत मुलांना 'तू मालक, तू गुलाम' असं उभं करू नका. मी एकदा असाच एक प्रसंग करायला घेतला होता. मालक झालेल्या मुलाला मजा यायला लागली आणि दुसऱ्याचा चेहरा पडला. तास तिथेच थांबवला. तिथे कागद द्या, साक्षी द्या, आकडे द्या. नाटक नको.

बाकावरचा पालक

मी शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे. माझा मुलगा परवा येऊन म्हणाला, "पुस्तकात लिहिलेलं खरं असेलच असं नाही." कोणत्या तरी नव्या बाईंनी सांगितलं म्हणे. मला विचारायचंय, बारा-तेरा वर्षांच्या पोराला आधी काहीतरी पक्कं नको का? सगळ्यावर शंकाच घ्यायला शिकवलं तर ते उद्या कशावरच विश्वास ठेवणार नाही. मोबाइलवर येणारी कुठलीही थाप आणि पुस्तकातला धडा त्याच्या लेखी सारखेच.

पेन्शनीतला मास्तर

रास्त भीती आहे. शंका घेऊन तिथेच थांबणं हे वाईटच. शंका घेतल्यावर निकाल लावायलाही शिकवावं लागतं, आणि तो भाग नवे शिक्षक वेळ संपला म्हणून सोडतात.

राणी मारी आंत्वानेतचं 'पाव नसेल तर केक खा' घ्या. तुमच्या मुलाला विचारा, ती हे म्हणाली का? मग हे द्या : हे वाक्य फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात आहे, एका 'थोर राजकन्येच्या' तोंडी, नाव नाही. तो भाग लिहिला गेला १७६० च्या दशकात. राणीचा जन्म १७५५ चा, ऑस्ट्रियातला. ती फ्रान्सला आली १७७० मध्ये. आता मुलगा 'काहीच खरं नसतं' म्हणणार नाही. तो म्हणेल, हे तिचं नसावं, कारण तारखा जुळत नाहीत. तारखा त्याला पक्क्या याव्या लागल्या की नाही? थाप ओळखायलाही पाठांतर लागतंच. गुणपत्रक, हे तुमच्या बाजूने टाकलंय, पावती द्या.

गुणपत्रक

पावती दिली.

बाकावरचा पालक

हे आज जेवताना विचारतो. मलाच उत्तर चुकीचं माहीत होतं.

खडूची धूळ

तीन आठवड्यांनी येतेय, अहवाल द्यायला.

मधल्या काळात नागरिकशास्त्राचा पाठ होता, मतदान. टाचण दोन पानं. उजवीकडून भरलं. विषय मात्र आठ दिवस वाचला, @गुणपत्रक.

वर्गाला तीन गटांत वाटलं, १४-१४-१४. उरलेली एक मुलगी निवडणूक अधिकारी (होय, तीच, मागच्या बाकावरची). सहल कुठे न्यायची? डोंगर, समुद्र की जंगल. प्रत्येक गटाला पसंतीक्रमाची चिठ्ठी आधीच लिहून दिली होती. पहिला गट : डोंगर, समुद्र, जंगल. दुसरा : समुद्र, जंगल, डोंगर. तिसरा : जंगल, डोंगर, समुद्र. आणि दोन-दोन ठिकाणांचे सामने लावले.

डोंगर विरुद्ध समुद्र : डोंगर २८, समुद्र १४. समुद्र विरुद्ध जंगल : समुद्र २८, जंगल १४. मी विचारलं, मग जिंकलं कोण? सगळे ओरडले, "डोंगर!" मी म्हटलं, एक सामना राहिलाय, करूनच टाकू. डोंगर विरुद्ध जंगल. हात मोजले. जंगल २८, डोंगर १४.

शांतता. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, परत मोजा." मोजले. तेच.

इथे मी हात पाठीमागे बांधले. मास्तर, तुमची आठवण झाली. एक, दोन, तीन, चार. माझ्या पोटात गोळा. सहाव्या बोटाला अधिकारी मुलगी म्हणाली, "म्हणजे कोण जिंकणार ते मत देणाऱ्यांवर नाहीच. आधी कोणाचा सामना लावायचा हे जो ठरवतो त्याच्यावर आहे." पहिल्या बाकावरच्याने ते खोडून काढायचा प्रयत्न केला. फळ्यावर येऊन तिन्ही क्रमांनी सामने लावून बघितले आणि तीन वेगवेगळे विजेते आले. मग तोच चिडला, "मग बहुमत म्हणजे काय?"

हे कोडं कॉन्डॉर्सेट नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्ये मांडलं होतं, आणि राज्यक्रांतीच्याच धामधुमीत तो १७९४ मध्ये कैदेत मेला, एवढं मी शेवटी सांगितलं. तेही फक्त दोन मिनिटं.

आता फसलेला भाग. घंटा झाली तेव्हा फळ्यावर आकडे होते, पण एकही पूर्ण वाक्य नव्हतं. वह्या कोऱ्या. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची वही मागितली, तर तिने सांगितलं, "काल काही झालं नाही, सहल ठरवत होतो." मी कपाळावर हात मारला. सरांचा शेरा : 'मुलांनी विचार केला. काय विचार केला हे त्यांच्याकडून लिहून घ्या.'

गुणपत्रक

"सहल ठरवत होतो" :)) हेच म्हणत होतो मी. शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. त्या वेळात नवं काही नाही, फक्त वही. 'आज मला वाटत होतं की..., पण...' एवढं अर्धं वाक्य फळ्यावर द्या, बाकीचं त्यांनी पूर्ण करायचं. तपासायला ४३ वाक्यं म्हणजे पंधरा मिनिटं. माझ्या वर्गात चालतं.

फळा पुसणारा

गुणपत्रक आणि कृती?! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जोडवर्ग

सामन्यांचा क्रम मी आमच्या वसतिगृहात वापरून बघितला, कोणता सिनेमा बघायचा यावर. आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

खडूची धूळ

शेवटचा अहवाल, मग धागा खाली जाऊ दे.

छात्रसेवाकाल (शाळेतल्या सरावाचा काळ) संपायला चार दिवस असताना त्याच वर्गावर एक मोकळा तास मिळाला. मी फ्रेंच राज्यक्रांती परत घेतली. आत गेल्या गेल्या सांगितलं, "राजाच्या रोजनिशीबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." एवढी शांतता मला कधीच मिळाली नव्हती. शिक्षक चुकला म्हटल्यावर मुलं फार मन लावून ऐकतात. (हा घ्या 'कुतूहलाने ऐकतात'चा पुरावा.)

मास्तरांच्या पद्धतीने गेले. मागचं वाक्य फळ्यावर लिहिलं, वही शिकारीची हे सांगितलं, एका मुलाने येऊन वाक्य खोडलं. मला वाटलं, झालं. तर मागच्या बाकावरून, "पण मॅडम, त्याने लिहिलं तेव्हा त्याला बातमी कळली होती का?"

हा प्रश्न माझ्या दोन्ही टाचणांत नव्हता. पण या वेळी तिला द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं. राजा पॅरिसमध्ये नव्हताच, व्हर्सायला होता. नकाशा उघडला, पट्टी लावली, प्रमाणावरून काढलं : सुमारे २० किलोमीटर. बॅस्टिल पडला संध्याकाळी पाचच्या सुमारास. "फोन?" नाही. "तार?" फ्रान्समध्ये मनोऱ्यांवरून खुणा करत संदेश धाडायची यंत्रणाही १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी सुरू झाली, म्हणजे पाच वर्षं नंतर. मग घोडा. घोडा तासाला किती जातो यावर पाच मिनिटं भांडण, शेवटी १५ किलोमीटर ठरलं. सुमारे १ तास २० मिनिटं. दार उघडून घ्यायला, कोणाला तरी उठवायला, सांगायला धीर करायला आणखी थोडा. बातमी राजापर्यंत रात्री उशिरा पोचली असं सांगतात, हे मी तेव्हा सांगितलं. त्यांच्या गणितानेही ती संध्याकाळ उलटल्यावरच पोचत होती.

नकाशावेडी, लक्षात आलं का? इतिहासाच्या तासाला पट्टीने अंतर मोजत होते सगळे, आणि कोणालाच ते भूगोल वाटलं नाही.

शेवटची सात मिनिटं वही. अर्धं वाक्य फळ्यावर. त्या मुलीने लिहिलं ते जसंच्या तसं देते :

'आज मला वाटत होतं की राजाला बातमी कळली नव्हती म्हणून त्याने लिहिलं नाही, पण कळली असती तरी त्याने या वहीत लिहिलं नसतं.'

गुणपत्रक

हे वाक्य देऊन 'सहमत आहात का, कारण लिहा' असा प्रश्न घटक चाचणीत टाकतोय. गुण किती ठेवू?

खडूची धूळ

तीन. 'सहमत' नुसतं लिहिलं तर शून्य.

गुणपत्रक

अर्धा तरी द्या हो.